सातासमुद्रापलीकडचे सोयरे

शेजारणीकडून आपलं भांडं परत आलं की वहिनी आधी ते उजेडात धरायची. आत डोकवायची, तळाशी बोट फिरवायची आणि भांडं घेऊन आलेल्या पोरीला विचारायची, "रिकामा भांडा धाडल्यान? घरात चिमूटभर मीठ पन नाय होता?" पोरगी घाबरून पळायची. थोड्या वेळाने तेच भांडं आमसुलं नाहीतर सुके बांगडे घेऊन पुन्हा दारात हजर व्हायचं. ते उतरवून घेताना वहिनी पुटपुटायची, "सांगल्याशिवाय सुचणा नाय मेल्यांका."

अशी बाई तुमच्याही आळीत असेल. सगळ्या आळीला वळण लावायचं काम तिने स्वतःच स्वतःकडे घेतलेलं असतं आणि आळीने ते काढून घ्यायची हिंमत केलेली नसते. तुम्ही तिला टाळत असाल. मीही टाळलं असतं, पण देवबागच्या पट्टीवर टाळायला जागाच नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे नारळ. त्यातून मी मालवण बाजारातून बदलून आलेला एकटा शाळामास्तर, आणि राहायला वहिनीच्याच पडवीतली खोली. तिच्या नवऱ्याचा नारळाचा व्यापार होता. तो गृहस्थ दिवसभर बोलत नसे. घरातलं बोलणं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला उरतच नव्हतं.

साऱ्या गावाची ती वहिनी. तिच्यापेक्षा म्हातारे लोकही तिला वहिनीच म्हणत. माहेर धामापूरचं. हे तुम्हाला पहिल्या भेटीतच कळायचं, आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत पुन्हा कळायचं. "आमच्या धामापुराक तळा आसा. पाण्यासाठी कोणाच्या दारात जावक लागणा नाय." त्या तळ्याचा तिला इतका अभिमान, की ते तिच्या बापानेच खणलंय असं ऐकणाऱ्याला वाटावं.

आणि त्या तळ्याच्या लेकीला दिली होती कुठे, तर आमच्या वाळूच्या पट्टीवर. शिमगा झाला की आमच्या विहिरी खारट व्हायच्या. मग बायका घागरी घेऊन होडीत बसायच्या आणि खाडी ओलांडून पलीकडच्या गावचं पाणी आणायच्या. माझ्या वर्गातल्या मुली तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत शाळेत दिसत नसत. भरती-ओहोटी आणि वारा सांभाळत होडी हाकायची. भरलेल्या घागरींनी ती आधीच पाण्यात दबलेली. एका चैत्रात ती कलंडली. माणसं वाचली, पण वहिनीच्या शेजारची शेवंती तेव्हा पोटुशी होती. तिचं मूल गेलं.

हे सगळं सरकारला ठाऊक होतं. सरकारला नेहमीच सगळं ठाऊक असतं. शेवटी आमची दया आली ती सातासमुद्रापलीकडे. साठ सालच्या आगेमागे परदेशातल्या कुठल्याशा गावातल्या गोऱ्या लोकांनी एक मंडळ काढलं आणि मुंबईच्या एका कचेरीमार्फत आमच्या पट्टीवर खोके येऊ लागले. पहिल्या खोक्यात लोकरीच्या कानटोप्या निघाल्या. वैशाख चालू होता. दुसऱ्यात गळ्याला बांधायचे टाय, उंच टाचांचे जोडे आणि केसाळ कॉलरचा एक ओव्हरकोट. टाय होडी बांधायला कामी आले. कोट दशावतारवाल्यांनी मागून नेला आणि त्या जत्रेत राक्षस घामाने निथळून मरायच्या आधीच अर्धा मेला. दुधाची पावडर पोरांच्या पोटाला मानवली नाही. वहिनीने टोप्या मात्र घरोघर वाटल्या आणि सक्तीने घालायला लावल्या. माझीही टोपी आली.

"वयनी, ह्या घालून माणूस शिजतलो," मी म्हटलं.

"शिजांदे. कोणीतरी बसान विणल्यान मा? पेटयेत टाकूक नाय विणूक."

मग मुंबईच्या कचेरीतले साहेब आले. साहेब म्हणजे आपलेच, मराठी. पण गोऱ्यांच्या वतीने बोलता बोलता त्यांच्या भुवया ज्या वर गेल्या होत्या त्या खाली यायच्या विसरल्या होत्या. शाळेच्या ओसरीवर सभा झाली. साहेबांनी जाहीर केलं की मंडळ आम्हाला सिमेंटची मोठी टाकी बांधून देणार. शाळेच्या कौलांवरचं पावसाचं पाणी तिच्यात साठेल आणि उन्हाळाभर पुरेल. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवंतीही सभेला आली होती. ती खांबाला टेकून बसली होती, ती ताठ झाली.

साहेबांना मात्र अजून पुष्कळ बोलायचं होतं. "तिकडे फक्त श्रीमंतच मदत करतात असं समजू नका. तिकडचा साधा माणूससुद्धा परक्या देशातल्या खेड्यांसाठी झटतो. कुणी टोप्या विणतं, कुणी केक भाजून विकतं, शाळेतली मुलं जुनी तिकिटं गोळा करून विकतात. आणि काही मंडळी तर दर शुक्रवारी दुपारचं जेवण सोडतात आणि त्याचे पैसे डब्यात टाकतात. तुमच्या टाकीसाठी!"

इथे टाळ्या पडाव्यात म्हणून साहेब थांबले. टाळ्या पडल्या नाहीत. वहिनी उभी राहिली.

"शुक्रवारी?"

"हो, शुक्रवारी."

"शुक्रवार म्हणजे भगवतीचो वार." ती बायकांकडे वळली. "आयकलास? ती देवीची माणसां आसत."

"नाही हो बाई, ते ख्रिस्ती लोक आहेत."

"आसतीत. उपास कोणीय करो, तो देवीक पावता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं. शेवटी साहेबांनी घाईघाईने कामाचं सांगितलं. तिकडच्या मंडळाचा वार्षिक बाजार भरायचा होता. तिथे मांडून विकायला गावातल्या गरिबांनी हाताने केलेल्या वस्तू हव्या होत्या. झाडू, सुंभाच्या दोऱ्या, पायपुसणी, असलं काहीतरी. आणि सोबत गावातल्या गरजू कुटुंबांचा एक फोटो. एवढं झालं की टाकीचा ठराव होईल.

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? चार झाडू बांधले असते. वहिनीला त्या रात्री झोप लागली नसावी, कारण सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात उभी होती.

"मास्तरानू, ती माणसां आपल्यासाठी उपाशी रवतत. आणि आपण तेंका केरसुणी धाडूची?"

"वयनी, तेंकाच ती व्हयी आसा. विकूक."

"पोटात अन्न नाय तेंच्या, आणि तुमी विकूच्या गजाली सांगतास!"

मी शिकलेला माणूस, मी खोका शोधायला निघालो. पुढचे काही दिवस सगळी पट्टी कामाला लागली. अंगणात आंब्याची साटं वाळू लागली. कुणी काजू फोडले, कुणी आमसुलं दिली, कुणी कुळथाचं पीठ दळलं. सुके बोंबील आणि सुकी कोळंबी तर घरटी आली. कोळंबीपाशी वहिनी थोडी अडखळली. उपासाच्या घरी मासे पाठवावेत का? मग तिनेच तोड काढली. "शुक्रवार सोडून खातले." खोका भरला. वरच्या फटीत माझा आग्रह म्हणून एक झाडू बसला.

मग फोटो. मालवणचा फोटोग्राफर तीन पायांचा कॅमेरा घेऊन आला. गरजू कुटुंबांचा फोटो ही साहेबांची सूचना मी वहिनीला समजावून सांगितली होती. तिने ती शांतपणे ऐकली आणि पट्टीवर जेवढं म्हणून सोनं होतं तेवढं बाहेर काढायला लावलं. "सोयऱ्यांच्या घरात फोटो लागतलो. भिकाऱ्यांसारखा उभ्या रवचा?" ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना तिने आपलं घातलं. शेवंतीच्या गळ्यात वहिनीची पुतळ्यांची माळ आली. पुरुष काळ्या टोप्या आणि लग्नातले कोट घालून उभे राहिले. मधोमध वहिनी, हिरवा शालू, नाकात नथ, दंडावर वाक्या. आमच्या पट्टीवर इतकी श्रीमंती एका वेळी कधी जमली नव्हती, आणि तीही पुन्हा आपापल्या घरी परतायची होती.

पाऊस येऊन गेला, दिवाळी झाली, थंडी सरली. विहिरी पुन्हा मचूळ होऊ लागल्या तेव्हा साहेब आले. होडीतून उतरतानाच त्यांचा चेहरा आंबला होता.

तिकडच्या सभागृहात खोका उघडला, तेव्हा केकच्या टेबलापाशी बसलेल्या बायका नाकाला रुमाल लावून बाहेर गेल्या म्हणे. बाजार त्या दिवशी तिथेच संपला. पण बोंबलांचं मंडळाने मनावर घेतलं नसतं. घात केला फोटोने. मंडळाच्या चिटणिसाने भिंग लावून फोटो पाहिला आणि विचारलं, की माझ्या बायकोकडे नाही इतकं सोनं ज्यांच्या अंगावर आहे त्यांच्यासाठी आम्ही जेवण का सोडायचं? टाकी दुसऱ्या गावाला द्यायचं घाटत होतं.

"तरी मी रदबदली केली आहे," साहेब म्हणाले. "फोटोग्राफर बरोबर आणलाच आहे, दुसरा फोटो पाठवू. आजच. पण या वेळी जरा परिस्थितीला शोभेल असा."

परिस्थितीला शोभेल असा म्हणजे कसा, हे मग साहेबांनी स्वतः फिरून दाखवलं. पुरुषांचे सदरे काढवले. पोरांचे केस विस्कटले. चांगल्या घरांकडे पाठ करून सगळ्यांना खारट विहिरीपाशी उभं केलं. एका म्हाताऱ्याने दाढी केलेली होती, त्याला मागे सारलं. माझ्यापाशी येऊन ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही बाजूला व्हा. तुमच्या चेहऱ्यावर शिक्षण दिसतंय." माझ्या शिक्षणाची कुणी दखल घेतली ती एवढीच.

लोक मुकाट ऐकत होते. मला त्यांचाही राग आला आणि साहेबांचाही. सातासमुद्रापलीकडे बसून ज्यांना आमचं दारिद्र्य नीट नेसवलेलं हवं होतं त्यांचा तर आलाच. वहिनी एकटी तिथे नव्हती. ती घरात जाऊन दार लावून बसली होती. दारापुढे बायका जमल्या. कालपर्यंत जिच्यापुढे ब्र काढत नव्हत्या तिला आज एकीने दारातूनच सुनावलं, "तुझो मान तू घराक ठेव गो वयनी. आमका पाणी व्हया. तुझ्या शालवानच घात केल्यान."

वहिनीने उत्तर दिलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

शेवंतीला पुन्हा दिवस गेले होते. महिने भरत आले होते. ती पोट सावरत पायरीवर बसली आणि बसून राहिली. होडीचा हंगाम तोंडावर होता. आतल्या माणसाला फटीतून तिची पाठ दिसत असणार.

दार उघडलं. वहिनी बाहेर आली ती जमीन सारवायला नेसायचं विटकं लुगडं नेसून. खांद्यावर ते फाटलेलं होतं. अंगावर काळी पोत सोडून काही नव्हतं. नाकात नथीचं भोक तेवढं दिसत होतं. ती कुणाकडे न बघता विहिरीपाशी गेली आणि साहेबांना म्हणाली, "खंय रवां?"

साहेब हरखले. त्यांनी बाकी सगळ्यांना दूर केलं आणि तिला एकटीला विहिरीच्या कठड्याशी बसवलं. "छान! आता चेहरा जरा पाडा." कुणाचा चेहरा कधी पडतो हेही ज्याला कळत नाही, अशा माणसाच्या हाती परोपकार होता. फोटोग्राफरला ते कळलं असावं. त्याने काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "झालो, वयनी. उठा."

त्या उन्हाळ्यात वहिनीने शेवंतीला होडीत पाऊल टाकू दिलं नाही. दोन्ही घरांचं पाणी तिने स्वतः आणलं. वैशाखात शेवंतीला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. टाकीचा ठराव त्याच सुमारास झाला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी शाळेच्या मागे टाकी उभी राहिली. तिच्यात पाणी साठलं, आणि शिमग्यानंतरही माझ्या वर्गात मुली दिसू लागल्या. हे मी कबूल करतो. मी कितीही तोंड वाकडं केलं तरी ती टाकी गळली नाही.

टाकी झाल्यावर एका वर्षी तिकडून एक बाई आली. उतारवयाची, एकटी, कापडाच्या दुकानात काम करणारी. गाठीचे पैसे घालून ती बोटीने मुंबईला आली होती आणि साहेब तिला घेऊन पट्टीवर आले. वहिनी स्वागताला उभी. हिरवा शालू, नथ, वाक्या, सगळं जिथल्या तिथे. बाईने तिला हात जोडले आणि तिच्या खांद्यावरून मागे बघू लागली. टाकी पाहिली, शाळा पाहिली, तरी ती बायकांचे चेहरे न्याहाळतच होती. मग तिने पिशवीतून एक छापील पत्रक काढलं आणि मला विचारलं, "ही कुठे आहे?"

पत्रकावर वहिनी होती. विहिरीच्या कठड्याशी, विटक्या लुगड्यात. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, परदेशातल्या खेड्यांसाठी सामान्य माणूस काय करू शकतो. आणि मग टोप्या, केक, तिकिटं, शुक्रवारचं जेवण. बाई सांगत होती, की हा चेहरा पाहिला त्या दिवसापासून मी एक शुक्रवार चुकवला नाही. मला हिला एकदा भेटायचं आहे.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डोळ्यांनी मला गप्प राहायला खुणावलं. वहिनीने पत्रक माझ्या हातातून घेतलं. स्वतःचा तो फोटो ती पहिल्यांदाच बघत होती. तिने तो बराच वेळ बघितला, घडी घालून बाईला परत दिला आणि मला म्हणाली,

"मास्तरानू, तिका सांगा, ती बाय मेली."

"वयनी..."

"सांगा."

मी सांगितलं. बाईचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि मग ती ओसरीच्या पायरीवर बसून रडू लागली. मला वाटलं होतं, हुंदका देऊन रुमाल काढेल आणि संपेल. तसं झालं नाही. घरचं माणूस गेल्यासारखी ती रडली. वहिनी शालू सावरत तिच्याशेजारी बसली आणि तिची पाठ थोपटू लागली. "रडू नको गो बाय. सुखान गेली ती. तरास नाय झालो तिका." मी हेही इंग्रजीत सांगितलं. माझी नोकरी शिकवण्याची होती, पण त्या दिवशी मी जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

जेवायला बाईने नकार दिला. त्या दिवशी शुक्रवार होता. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी आजन्म तोंड उघडू नये. मग तिने उपासाला चालतं म्हणून शहाळं फोडून बाईच्या हातात दिलं आणि ते संपेपर्यंत उठू दिलं नाही.

बाई परत गेली आणि काही महिन्यांनी मुंबईहून एक संगमरवरी पाटी आली. टाकीवर बसवायला. तिच्या पैशाने केलेली. मजकूर इंग्रजीत आणि मराठीत: या गावातील एका गरीब स्त्रीच्या स्मरणार्थ, जिचा चेहरा आम्ही विसरू शकलो नाही. पाटी नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. वहिनी म्हणाली, "लावा. तिका बरा वाटात."

त्यानंतर कितीतरी वर्षं ती रोज सकाळी त्या पाटीखाली उभी राहून घागर भरायची. कुणा मुलीने पाणी सांडलं की खेकसायची, "सांडू नको गो चेडवा! ती मेलेली बघता हा!" मोठ्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. लहान पोरींना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्या भिऊन वर पाटीकडे बघायच्या आणि नळ घट्ट करायच्या.

माझी पुढे बदली झाली. वहिनी गेल्याचं मला उशिरा कळलं. त्यानंतर एकदा मी पट्टीवर गेलो. शेवंतीची मुलगी आता कुणाच्याही तोंडी लागण्याइतकी मोठी झाली होती. ती पाण्याला आली होती आणि येताना पाटीवर ठेवायला जास्वंद घेऊन आली होती. मी पाटी पुन्हा वाचली. आता तिच्यावरचं सगळं खरं झालं होतं. फक्त 'गरीब' तेवढं खोटं होतं.